कबरी बसली

सकाळचा भोंगा वाजून गेला होता. पहिल्या पाळीची माणसं डबे सावरत फॅक्टरीच्या बसकडे पळत होती आणि दुसऱ्या पाळीचा ताराचंद क्वार्टरच्या मागच्या अंगणात तोंडात मंजन घेऊन उभा होता. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं, की कबरी उठत नाही. बाने रोजच्यासारखं पायरीवर बसून काठीच्या टोकाने कबरीवर झाकलेलं बांबूचं डालगं उलथलं होतं. खुराड्यातल्या बाकीच्या कोंबड्या केव्हाच मोरीच्या पाण्यात चोची मारायला पळाल्या होत्या. कबरी मात्र जागच्या जागी होती. तिने पंख फडफडवले, मान लांब केली, छाती पुढे रेटली आणि पुन्हा तिथेच आपटली. एक पाय पुढे पसरलेला, दुसरा मागे. चालता चालता कोणी वरून दाबून टाकावं तशी. डोळे मात्र लख्ख उघडे होते. बा पायरीवरून खाली घसरला, हातांवर भार देत ढुंगणाने सरकत तिच्यापाशी गेला आणि तिच्या मागच्या पायाचं बोट त्याने चिमटीत धरून दाबलं. पाय आखडला नाही. त्याने दुसऱ्या पायाचं दाबलं. तोही नाही. "बसली," तो म्हणाला.

एवढंच म्हणाला, पण तो शब्द ताराचंदच्या कानात खुपला. हाच शब्द त्याने फार वर्षांपूर्वी ऐकला होता, सानगडीजवळच्या त्यांच्या छोट्या वस्तीवर, टोलीवर, बाबद्दल, लोकांच्या तोंडून. 'सोमा बसला.' बैल बसतो, भिंत बसते, तसा सोमा बसला. कोणी बसवला, हे एकाच्याही तोंडून निघालं नाही. त्या साली पाऊस दगा देऊन गेला होता, बांध्यांमधलं धान उभ्या उभ्या वाळलं होतं, आणि गावच्या तलावाच्या पोटात भेगा पडल्या होत्या. पण धानाच्या पायाशी विसकटून पेरलेली लाखोळीची डाळ तगली. तिला काय, ना पाणी लागतं ना माया. मालगुजारी जाऊन वर्षं झाली तरी वासुदेवरावांना सगळे मालकच म्हणत. त्या मालकांनी सालदारांना त्या हिवाळ्यात धानाऐवजी लाखोळी मोजली, आणि सोमाजीने ती डोक्यावर वाहून आणली. सकाळी लाखोळीची भाकर, दुपारी लाखोळीचं वरण, रात्री लाखोळीची घुगरी. आई एरवी ती रात्रभर भिजवून, उकळून पाणी फेकून द्यायची. त्या साली फेकायला पाणीच नव्हतं. आणि मग एका थंडीच्या पहाटे बा बांधावर गेला, बसला आणि त्याला उठता येईना. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. आधी एक काठी आली, मग दोन आल्या. तो चवड्यांवर चालायचा, गुडघे एकमेकांवर घासायचे, चालताना मातीत दोन रेघा उमटायच्या, आणि टोलीवरची पोरं त्याच्या मागे तशीच चवड्यांवर नाचत जायची. ताराचंदने त्यातल्या एकाचं डोकं दगडाने फोडलं होतं. त्याबद्दल बानेच त्याला मारलं, बसल्या बसल्या, हात पोचेल तिथे. आजही कधी कधी मशीनवर उभं असताना ताराचंदच्या पोटरीत बारीकसा पेटका यायचा आणि त्याचं अंग गार व्हायचं.

त्याने चूळ भरली, थुंकला आणि कबरीपाशी उकिडवा बसला. "काहून बसली?"

"आता थे इलेच इचार," बा म्हणाला. "मले काय सांगते थे!"

डालग्याखाली एक जर्मनची वाटी होती. कबरीचं खाणं वेगळं असायचं, डालगं वेगळं असायचं. दिवाळीपासून बाने तिला बाकीच्यांपासून निराळी ठेवली होती. ताराचंदची बायको कलाबाई म्हणायची, मामाजीचा लई जीव आहे तिच्यावर, मुंगूस येतो म्हणून जपतात. ताराचंदने वाटी उचलली. तळाशी उरलेले दाणे चपटे, कोपरे निघालेले, मळकट करडे होते. ते कुठेही ओळखले असते त्याने. अंधारात नुसत्या बोटांनी ओळखले असते. वाटी त्याने अशी भिरकावली, की ती कुंपणाच्या तारेवर आदळून शेजारच्या भैय्यालालच्या अंगणात जाऊन पडली.

"लाखोळी! लाखोळी चारून राहिला तू इले! माह्या घरात लाखोळी नाई पायजे म्हणलं होतं का नव्हतं?"

"तुह्या घरात नाई शिजवली," बा शांतपणे म्हणाला. "कोंबडीले देल्ली."

"फेकाची होती थे!"

"अन्न हाये थे, तारा. अन्न फेकत नसते."

हे बाचं नेहमीचं. त्याच्यावर बोलायला जागाच ठेवायचा नाही. दर साली फाल्गुन लागला, की वासुदेवरावांकडचा तुलाराम एस.टी.ने यायचा, फाटकावर चौकशी करत क्वार्टरपर्यंत पोचायचा आणि ओट्यावर लाखोळीचं पोतं टेकवायचा. मालकांचा वानोळा. बाजारात उघड विकायला सरकारने लाखोळीला बंदी केली होती, पण बांध्यांमध्ये ती पिकतच होती, आणि वानोळा द्यायला कोणाची बंदी? ज्याचे पाय तिने घेतले त्यालाच ती पाठवायची! आणि बा? बा दोन्ही हात जोडून त्या पोत्याच्या पाया पडायचा. "मालकाले माहा रामराम सांगजो," म्हणायचा. "इतक्या सालानं बी इसरले नाई मले." पाय गेल्यावर मालकांनी त्याला खळ्यावर राखणीला बसवलं होतं, वैद्य आणला होता, वैद्याने थंडीचा वारा शिरला म्हणून सांगितलं होतं, देवीला एक बोकड मालकांनी स्वतःच्या खर्चाने कापवला होता. एवढं कोण करतं नोकरासाठी? मालकांनी बसायला जागा दिली म्हणून बा त्यांचे उपकार आयुष्यभर मोजत बसला. उभं राहण्याचं काय झालं, हे विचारायचं त्याला सुचलंच नाही. ताराचंदला वाटायचं, एकदा, फक्त एकदा ह्या माणसाने चिडावं. एकदा म्हणावं, की त्या माणसाने माझे पाय खाल्ले. ह्या एका वाक्यासाठी तो कितीदा बाशी भांडला होता. फॅक्टरीत नोकरी लागली, पक्कं क्वार्टर मिळालं, बाला पाठीवर घेऊन त्याने एस.टी.त बसवलं आणि जवाहरनगरला आणलं, तेव्हा त्याला वाटलं, आता गाव सुटलं, आता बोलेल. बा बोलला नाही. उलट नळाचं पाणी पिऊन म्हणाला, "मालकाच्या विहिरीचं पाणी गोड होतं."

कलाबाई कणकेचे हात तसेच घेऊन बाहेर आली. "अजी, चिल्लावता कायले एवढे? सारी लाइन उठली. मामाजीनं काय जहर देल्लं काय तिले?"

"जहरच देल्लं!"

"कोंबडी हाये थे. लागलं असन कुठं. खाली पडली असन."

तारेपलीकडून भैय्यालालने वाटी परत दिली. त्याची आज सुट्टी होती आणि तो लुंगीवरच होता. त्याने कबरीकडे जाणकारासारखं पाहिलं. "अरे ताराचंदभाऊ, पाय गेले तं काय झालं, बाकी तं साबूत हाये ना? आजच कापून टाक. उद्या वाळन. मसाला माह्याकडून."

ताराचंदने त्याच्याकडे असं पाहिलं, की भैय्यालाल हसता हसता थांबला आणि घरात गेला. साबूत आहे ना, कापून टाक. पाय गेलेल्याचं हेच असतं. एक तर कापून टाका, नाही तर खळ्यावर बसवा आणि उपकार मोजा. आणि मग त्याची नजर बाकडे गेली आणि राग आणखी चढला. कारण बाने तोपर्यंत आपल्या अंगावरचा पंचा सोडून त्याची चौघडी केली होती, तिच्यावर कबरीला ठेवलं होतं, आणि तिच्या ताणलेल्या पायांना तो मोहाच्या तेलाचं बोट लावत होता. वरून खाली, हलक्या हाताने, पुन्हा वरून खाली. तिची विष्ठा पंचाला लागली, ती त्याने स्वतःच्या हाताने पुसली. पाण्याची ताटली तिच्या चोचीजवळ धरली. ती पाणी प्यायली, मान वर करून डोळे मिटले. असं तुझ्या पायांना कोणी केलं होतं रे, ताराचंद मनात ओरडला. आईने दोन दिवस तेल लावलं आणि तिसऱ्या दिवशी ती मजुरीला गेली, कारण जावंच लागलं. मालक एकदा बांधावर येऊन गेले. छत्री मिटली नाही, बसले नाहीत, 'होईल बरं' म्हणाले. आणि हा त्यांच्या लाखोळीला अन्न म्हणतो!

त्याच क्षणी त्याच्या डोक्यात आलं, की हिला दवाखान्यात न्यायचं. भंडाऱ्याला, सरकारी, ढोरांच्या दवाखान्यात. कबरीच्या मायेने नव्हे, हे त्याला स्वतःलाही माहीत होतं. त्याला एक शिकलेला माणूस हवा होता. जो गावचा नसेल, मालकांचं मीठ ज्याने खाल्लेलं नसेल, असा एक माणूस, जो स्पष्ट म्हणेल, की लाखोळीने पाय जातात. ताराचंदचं बोलणं बा कधी ऐकत नव्हता. डॉक्टरचं ऐकेल. बाजाराची कापडी पिशवी त्याने घेतली, तळाशी धानाच्या तनसाची बैठक केली, कबरीला आत बसवलं, मान तेवढी बाहेर. तो पिशवी सायकलच्या दांडीला अडकवत असताना बाने हात पुढे करून पिशवीचं तोंड थोडं सैल केलं. "हयू चालवजो," म्हणाला. "पाय दुखत असन तिचे."

भंडाऱ्याच्या रस्त्याला ज्याने त्याने विचारलं, "कितीले घेतली?" चहाच्या टपरीवाल्याने विचारलं, ऑटोवाल्याने विचारलं, पितळी भांड्यांच्या दुकानातल्या ओळखीच्या माणसाने हातातला तांब्या घासता घासता विचारलं. कोंबडी पिशवीत दिसली, की लोकांना भावच सुचतो. ढोरांच्या दवाखान्यात एक म्हैस, दोन शेळ्या आणि त्यांच्या मागे ताराचंद पिशवी घेऊन उभा. शेळीवाला हसला. कंपाउंडर हसला. "कोंबडी आणली? बारशाला काय?" उन्हात उभं राहून ताराचंद मनातल्या मनात डॉक्टरची वाक्यं जुळवत होता, म्हणजे डॉक्टर कसं बोलेल, आणि ते घरी जाऊन तो बाला जसंच्या तसं कसं सांगेल. बा मान खाली घालेल. बराच वेळ घालून ठेवेल. मग त्याच्या तोंडातून मालकांच्या नावाने एक शिवी निघेल. ताराचंदने बाच्या तोंडून शिवी कधी ऐकली नव्हती. ती कशी ऐकू येईल, ह्याचा तो विचार करत होता आणि त्याला बरं वाटत होतं.

डॉक्टर तरुण होता, नागपूरकडचा. चेष्टा केली नाही त्याने. कबरीला टेबलावर ठेवलं, पायांची हाडं चाचपली, तळवे उलटून पाहिले, कुठे सूज आहे का, काटा आहे का, पायाला सुतळी बांधून ठेवली होती का, असं विचारत गेला. पोटाखाली बोटांनी दाबून अंडं अडकलंय का ते पाहिलं. बोटं आत मुडपली आहेत का पाहिलं. मान वाकडी होते का, हगवण हिरवी आहे का, बाकीच्या कोंबड्या बऱ्या आहेत का, ही केवढी आहे. "औंदाच्या उन्हाळ्यातलं पिल्लू," ताराचंद म्हणाला. "आता आता अंडी द्याले लागली." आणि मग त्याला राहवेना. "लाखोळी खाऊन राहिली ही. नुसती लाखोळी. दिवाळीपासून."

डॉक्टरने मान वर केली. "नुसती?"

"नुसती." ताराचंद टेबलाकडे सरकला. "त्यानंच गेले ना पाय?"

"तसं नाही म्हणता येत," डॉक्टर म्हणाला. "लाखोळी वाईटच. माणसाला वाईट, बैलाला वाईट. एवढे दिवस एकच दाणा दिला, हिरवं नाही, कोंडा नाही, तर कोंबडी अशक्तच होणार. पण हे बघा, एक पाय पुढे, एक मागे. हा नसांचा एक रोग आहे. कोंबड्यांचाच. पिसांच्या धुळीतून येतो, लहानपणीच अंगात शिरतो आणि ह्याच वयात वर निघतो. मला तर तोच दिसतो."

"पण लाखोळीनं बी असू शकते ना?"

"सांगता येत नाही. मला विचाराल तर रोग."

"तुमी लाखोळीच म्हणा ना, साहेब," ताराचंद म्हणाला. त्याचा आवाज चढला. "म्हणाले काय जाते तुमचं?"

डॉक्टरने जीवनसत्त्वाची पूड दिली, पाण्यातून द्यायला सांगितली. ह्या रोगाला औषध नाही, म्हणाला. बाकीच्यांपासून दूर ठेवा, तनस रोज बदला, विष्ठेत बसू देऊ नका, दाणापाणी तोंडाशी ठेवा, दिवसातून दोनचारदा कूस बदला. खात राहिली तर काही दिवस बघा. खाणं सोडलं, तर मात्र तिचे हाल करू नका. "आणि लाखोळी बंद करा," तो शेवटी म्हणाला, पण ताराचंद तोवर पिशवी उचलून बाहेर पडला होता.

परतीच्या रस्त्याला त्याने सायकल अशी दामटली, की पिशवीतून कबरीचं कण्हणं ऐकू यायला लागलं. रोग म्हणे. धूळ म्हणे. त्याला त्या डॉक्टरच्या स्वच्छ हातांचा राग आला, त्या टेबलाचा राग आला, कबरीच्या पुढे-मागे पसरलेल्या पायांचा राग आला. निदान दोन्ही पाय एका बाजूला तरी पसरायचे होते हिने! सगळ्यांना काही ना काही कारण सापडतं. थंडीचा वारा, देवीची अवकृपा, पिसांची धूळ. मालक तेवढे प्रत्येक वेळी मोकळे सुटतात. छत्री न मिटता, बांधावरून, होईल बरं म्हणत सुटतात. वाटेत नाल्याच्या पुलावर तो थांबला, कबरीला बाहेर काढून मांडीवर घेतलं. तिचं हृदय त्याच्या तळहातावर भराभर उडत होतं आणि पाय लोंबत होते. डॉक्टरला काय माहीत? डॉक्टर म्हणाला, सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणजे लाखोळीने नाही, असं थोडंच? आणि समजा नसेल, तरी बाचे तर लाखोळीनेच गेले ना! मग एक कोंबडी इकडची तिकडे झाली, तर कोणाचं काय बिघडतं? पुलावरून निघताना त्याचं ठरलं होतं.

बा मागच्या पायरीवरच होता. बांबूची एक जुनी टोपली त्याने मांडीत घेतली होती आणि तिच्या बुडाला विळ्याने दोन भोकं पाडत होता. कबरीला त्यात बसवायचं, पाय भोकांतून खाली सोडायचे, आणि टोपली दोरीने अशी टांगायची, की पंजे जमिनीला जेमतेम टेकतील. छातीवरचा भार जाईल, असं त्याने कलाबाईला समजावून सांगितलं होतं. भोकांच्या कडांना त्याने चिंध्या गुंडाळल्या होत्या. ताराचंदने पिशवी त्याच्यापुढे ठेवली आणि उभ्या उभ्याच बोलला.

"डॉक्टर म्हणे लाखोळीनं गेले पाय. दुसरं काईच नाई."

बाचा विळा थांबला. "पक्कं म्हणे?"

"पक्कं. पाहूनच म्हणे. माणसाचे बी असेच जातेत म्हणे. तुये बी थ्यानंच गेले, बा."

बाने मान खाली घातली, अगदी ताराचंदने दवाखान्याच्या उन्हात मनाशी पाहिली होती तशी. बराच वेळ घालून ठेवली. आता निघेल, ताराचंदला वाटलं. आता तोंडातून निघेल. बाने पिशवीत हात घालून कबरीला बाहेर काढलं, टोपलीत बसवलं, एक एक पाय बोटांनी जुळवत भोकातून खाली सोडला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याचे हात मोकळे नव्हते.

"मले पाहाचं होतं," बा म्हणाला.

"काय पाहाचं होतं?"

"हेच. लाखोळीनं जातेत का. तू इतके वरीस बोंबलत आला, लाखोळी, लाखोळी. मले वाटे, पोराले मालकाचा राग हाये म्हणून बोलून राहिला. म्या म्हणो, थंडीनं गेले. चिखलात उभा राहिलो म्हणून गेले. मंग म्हणलं, मराच्या आधी आपल्या डोयानं पाहून घेऊ. दिवाळीपासून इले दुसरं काईच नाई देल्लं. कोंडा नाई, भात नाई. डालग्याखाली ठेवली, म्हंजे बाहेरचा किडा बी नाई खाईन." त्याने कबरीच्या पाठीवरून हात फिरवला. "रोज खाये बिचारी. माह्या हातानं खाये. म्या म्हणो, नाई होणार काई. रोज सकाळी डालगं उचलून पाहो, उठली का. उठली, की मले बरं वाटे. मालकानं काई नाई केलं म्हणो. आज नाई उठली."

वाटी, डालगं, मुंगसाची भीती, रोज सकाळचं ते काठीने डालगं उलथणं, सगळं एकदम ताराचंदच्या अंगावर आलं. तो समजत होता, की बाला कधी शंका आलीच नाही. बाला शंका होती. ती बाने कोणाला सांगितली नाही आणि हिवाळाभर एका कोंबडीला तिच्या हवाली केली.

"मालकाले माहीत नसन म्हणा तेव्हा," बा म्हणाला. "घरात होतं थे देल्लं त्यायनं. मले तं माहीत होतं काय होईन थे. माहीत होतं, तरी चारली. मालकापेक्षा म्या वाईट केलं, तारा."

"नाई!" ताराचंद ओरडला. "नाई, बा. तसं नाई म्हणे डॉक्टर."

बाने वर पाहिलं.

"रोग म्हणे थो. कोंबडीचाच. पिसातून येते म्हणे, धुळीतून येते. पिल्लू असते तेव्हाच अंगात शिरते. एक पाय पुढं, एक मागं, हे त्याचंच म्हणे. लाखोळीचं नाई. मीच खोटं बोललो." तो बाच्या पुढे मटकन खाली बसला होता. "इमानानं सांगून राहिलो. तू काईच नाई केलं इले."

बा हसला. फार दिवसांनी हसला तो. "राहू दे ना, बाबू," बा म्हणाला. "माहं मन राखाले आता कायले बदलवतं? मघा तू उभा राहून बोलला, थे खरं होतं. आता खाली बसून, डोये चोरून बोलून राहिला. मले कळते."

"आईची आन, बा! डॉक्टरले इचार. चाल, उद्या तुलेच नेतो भंडाऱ्याले, त्याच्या तोंडून ऐक!"

"तुह्या सांगण्यावरून डॉक्टर बी म्हणन रोग. चांगला माणूस असन तं म्हणनच." बाने टोपलीची दोरी ओढून पाहिली. कबरीचे पंजे जमिनीला टेकले. त्यांच्यात काही जोर नव्हता, पण ती सरळ उभी दिसत होती, लांबून पाहणाऱ्याला चालायला निघाल्यासारखी. कलाबाईने भाताची शितं आणून दिली. बाने ती तळहातावर घेतली, कबरीने टोच मारली, आणि बाने हात एकदम मागे घेतला. मग शितं त्याने ताटलीत ओतली आणि ताटली तिच्यापुढे सरकवली. स्वतःच्या हाताने भरवलं नाही.

दुसऱ्या पाळीचा भोंगा वाजला. ताराचंदला तो ऐकू आला आणि तो हलला नाही. त्याच्या अंगात राग अजून तसाच होता, सकाळी होता तेवढाच, पण आता तो कोणावर काढावा हे त्याला उमगत नव्हतं. मालकांवर काढायचा, तर मालकांना ज्या पुराव्याने पकडायचं तो त्याने स्वतःच पुलावर बसून तयार केला होता. बाच्या पायांचं खरं होतं. ते खरं त्याने इतकी वर्षं सांगितलं आणि बाने ऐकलं नाही. आज खोटं सांगितलं आणि ते मात्र बाच्या मनात पक्कं जाऊन बसलं. कलाबाई डबा घेऊन दारात उभी होती, बस जाईल म्हणत होती.

"तारा," बा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. त्यात काही तरी कडक होतं, जे ताराचंदने कधी ऐकलं नव्हतं, आणि ज्याची त्याने लहानपणापासून वाट पाहिली होती. "सानगडीले जाचं आपल्याले. मी, तू अन् कबरी. टोपलीसंगं घेऊ तिले. मालकाच्या ओसरीवर, त्यायच्या खाटेपुढं ठेवतो. म्हणतो, म्या पाहिलं, आता तुमी पाहा. चार लोकायच्या समोर म्हणतो. बसाची सवय हाये मले, दिवसभर बसतो त्यायच्या दारात."

बाच्या मानेची शीर ताठली होती. डोळे कोरडे झाले होते. "जाय, बस केव्हा हाये इचारून ये," तो म्हणाला. "आजच जाऊ."

ताराचंदने हातांचे तळवे जमिनीला टेकवले.

"उठ ना, बाबू," बा म्हणाला.

ताराचंदला उठता येईना.